बर्फात गाडी: कोणती कार, कोणती व्हॅन कशी वागते आणि तुम्ही काय करायचं

बर्फाच्या रस्त्यावर जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "गाडी फोर बाय फोर आहे का?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी चढते, जागची निघते, रुतली तर बाहेर येते. पण उतारावर ब्रेक दाबला की त्या ताकदीचा काही उपयोग नसतो. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात आणि गाडी थांबते ती टायरच्या पकडीने. म्हणून पहिला प्रश्न हा हवा: ही गाडी उतारावर थांबेल का? चढाचा विचार त्यानंतर.

खाली याच क्रमाने जाऊ. आधी रस्ता, मग टायर, मग गाडीचा प्रकार, आणि शेवटी प्रत्यक्ष चालवणं. व्हॅनबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण व्हॅनचा स्वभाव तिच्यात भरलेल्या सामानाप्रमाणे बदलतो आणि तो अनेकांच्या लक्षातच येत नाही.

पायरी १: रस्ता किती पकड देतो ते समजून घ्या

कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, साधारण ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहून खाली. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या सपाट रस्त्यावर सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी घट्ट बर्फावर जवळजवळ ५० मीटर घेते आणि गोठलेल्या थरावर १०० मीटरच्या आसपास. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. वेग ३० वर आणला तर घट्ट बर्फावरचं अंतर १८ मीटरवर येतं. वेग कमी करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, आणि तो प्रत्येक गाडीत उपलब्ध आहे.

बर्फ जितकी थंडी जास्त तितका निसरडा, असा समज आहे. प्रत्यक्षात शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ सर्वांत घातक असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. उणे १५ ला तोच बर्फ बराच बरा चालतो. त्यामुळे दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठणारा रस्ता, सावलीतली वळणं आणि पूल यांच्याकडे विशेष लक्ष द्या. पुलाला खालूनही वारा लागतो, म्हणून तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो. रस्त्यावर टाकलेलं साधं मीठही उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही.

पायरी २: टायर आधी, गाडी नंतर

उन्हाळी टायरचं रबर तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीवर शेकडो बारीक चिरा असतात, ज्यांच्या कडा बर्फाला धरतात. फिनलंडमध्ये पहिला हिवाळी टायर १९३४ मध्ये ट्रकसाठी बनला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी. तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेलं, तरी मूळ कल्पना तीच आहे.

टायरच्या बाजूवर काय छापलंय ते वाकून बघा. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह असेल, तर त्या टायरची बर्फावर ठरावीक चाचणी झालेली आहे. नुसती 'एम+एस' ही अक्षरं असतील तर तो फक्त उत्पादकाचा दावा आहे. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी डोंगर-हिमकणाचं चिन्हच ग्राह्य धरतात. अनेक फोर बाय फोर गाड्या आणि व्हॅन कारखान्यातून 'एम+एस' टायरवर येतात आणि मालकाला वाटतं की आपली सोय झाली. झालेली नसते.

नक्षीची खोली किमान ४ मिलिमीटर हवी. कायद्याची मर्यादा अनेक देशांत १.६ मिलिमीटर असली तरी बर्फात तेवढ्यावर भागत नाही. ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षीचा टायर हिवाळी टायर म्हणून मोजतच नाहीत.

आणि चारही टायर एकसारखे बसवा. पैसे वाचवायला फक्त पुढे हिवाळी टायर घातले, तर उतारावर ब्रेक दाबताच पुढची चाकं धरतात, मागची सुटतात आणि गाडी गर्रकन फिरते. एकाहून जास्त मापांना परवानगी असेल तर अरुंद माप निवडा, कारण अरुंद टायर मऊ बर्फ कापून खालच्या थरापर्यंत पोचतो. हवाही तपासा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण एक पीएसआय (पंपावर दाब मोजतात ते एकक) कमी होतो.

व्हॅनसाठी आणखी एक गोष्ट. मालवाहू व्हॅनच्या टायरच्या मापापुढे 'सी' अक्षर असतं आणि भारक्षमतेचा आकडा जास्त असतो. कारचा हिवाळी टायर मापाने बसतो म्हणून व्हॅनला लावू नका, वजनाखाली तो दगा देईल.

पायरी ३: कोणती चाकं ओढतात आणि त्यांच्यावर किती वजन आहे

गाडीच्या बर्फातल्या स्वभावाचं सार या दोन प्रश्नांत आहे. हिशोबही सोपा आहे. चढ किती जमेल हे साधारणपणे घर्षणांक गुणिले ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनाचा वाटा. घट्ट बर्फ धरा, म्हणजे ०.२. पुढच्या चाकांवर ६० टक्के वजन असलेली फ्रंट-व्हील ड्राइव्ह (पुढची चाकं ओढणारी) गाडी सुमारे १२ टक्क्यांचा चढ चढेल, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १२ मीटर वर. चारही चाकं ओढत असतील तर तीच मर्यादा २० टक्क्यांवर जाते. आता घर्षणांक टायर बदलून वाढवला तर दोघींचीही मर्यादा वाढते. चांगल्या हिवाळी टायरवरची साधी छोटी कार उन्हाळी टायरवरच्या फोर बाय फोरला चढावर मागे टाकते, त्याचं कारण हे.

फ्रंट-व्हील ड्राइव्ह कार: इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही ओढणाऱ्या चाकांवर बसलेले, त्यामुळे सपाट रस्त्यावर आणि मध्यम चढावर समाधानकारक. बर्फाळ डोंगररस्त्यांवरची मॉन्टे कार्लो रॅली १९६२ आणि १९६३ मध्ये एरिक कार्लसन या रॅली-चालकाने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साब ९६ मधून जिंकली, ती काही ताकदीच्या जोरावर नव्हे. दोष एवढाच की वळणात जास्त वेग असेल तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते. तीव्र चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं जागीच फिरू लागतात. मागे जागा मोकळी असेल तर अशी गाडी रिव्हर्समध्ये चढवून बघा. तेव्हा वजन ओढणाऱ्या चाकांकडे येतं आणि थोडासा अडलेला चढ निघून जातो.

रिअर-व्हील ड्राइव्ह कार: इंजिन पुढे, ताकद मागे. निघताना चाक फिरतं, वळणात जास्त ॲक्सिलरेटर दिला की शेपूट बाहेर येतं. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांत हे खूप सुसह्य झालंय. ही यंत्रणा १९९५ मध्ये आली आणि युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे. जुन्या गाडीत ती नसेल तर पाय फार हलका ठेवावा लागतो.

ऑल-व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर: यात दोन वेगळी कुळं आहेत. एका कुळात संगणक किंवा क्लच आपोआप ताकद वाटतो. त्यातल्या बऱ्याच गाड्या एरवी पुढच्या चाकांवर चालतात आणि घसरण जाणवली की मागची जोडतात. सुबारूसारख्या काही कायम चारही चाकं चालवतात. दुसऱ्या कुळात, उदाहरणार्थ सुझुकी जिम्नी आणि बरेच पिकअप, चालक स्वतः पुढची चाकं जोडतो. यांना मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतो, म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये वळणं घेतली तर चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या गिअर आणि दांड्यांवर ताण येतो. बर्फ सुरू झाला की जोडा, रस्ता कोरडा झाला की सोडा. मागचा डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी सोय) असेल तर तो सरळ आणि संथ जाताना फक्त रुतल्यावर वापरा. कडेला उतरत्या निसरड्या रस्त्यावर लॉक लावला की मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडी खड्ड्याच्या बाजूला सरकते.

इलेक्ट्रिक कार निघताना फार नाजूकपणे ताकद देतात, हा मोठा फायदा. मात्र ॲक्सिलरेटर सोडल्यावर होणारं रीजनरेशन (मोटारच गाडी मंदावून बॅटरीत वीज परत भरते ते) निसरड्या रस्त्यावर ओढणारी चाकं अडखळवू शकतं. बर्फात ते कमीत कमी ठेवा आणि बॅटरी चार्जरला जोडलेली असतानाच गाडी गरम करून घ्या.

उंचीचा मुद्दा थोडक्यात. बर्फाची खोली गाडीच्या ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा, म्हणजे पोटाच्या जमिनीपासूनच्या उंचीपेक्षा, जास्त झाली की गाडी पोटावर टेकते आणि चाकं हवेत फिरतात. मग चार काय नि दोन काय, सारखंच.

पायरी ४: व्हॅन, रिकामी आणि भरलेली

व्हॅनच्या नावावरून काही ठरवू नका, कारण एकाच नावाच्या व्हॅन वेगवेगळ्या चाकांवर चालतात. फियाट ड्युकाटो आणि तिच्या प्यूजो बॉक्सर, सित्रोएन जम्पर या बहिणी पुढच्या चाकांवर. मर्सिडीज स्प्रिंटर परंपरेने मागच्या चाकांवर, पण २०१८ मध्ये पुढच्या चाकांचीही आली आणि चारही चाकांचीही असते. फोर्ड ट्रान्झिटमध्ये तिन्ही प्रकार आहेत. नोंदणीची कागदपत्रं किंवा पुस्तिका बघून आपली नेमकी कोणती ते आधी ठरवा.

पुढच्या चाकांवर चालणारी व्हॅन रिकामी असताना बर्फात छान जाते, कारण इंजिन-गिअरबॉक्ससारखे जवळजवळ सगळे जड भाग पुढच्या चाकांवर असतात. ती पूर्ण भरली की मागच्या चाकांवरचं वजन वाढतं आणि पुढचा वाटा निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. वरच्याच हिशोबात ६० टक्क्यांऐवजी ४० घाला: १२ टक्क्यांचा चढ ८ वर आला. त्यात चढावर वजन आणखी मागे जातं. सकाळी रिकामी चढलेली व्हॅन संध्याकाळी भरलेली त्याच चढावर अडते, ती यामुळे. उपाय असा की जड वस्तू चालकाच्या आसनामागे, जमेल तितक्या पुढे आणि खाली ठेवा. मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारं वजन सगळ्यात वाईट, कारण ते तरफेसारखं गाडीचं नाक उचलतं. कॅम्पर व्हॅनमध्ये मागच्या टोकाला पाण्याची टाकी, सायकलचा स्टँड आणि डिकीतलं सामान एकत्र झालं की नेमकं हेच घडतं. चढाच्या आधी मागची टाकी रिकामी करणं हासुद्धा उपाय आहे.

मागच्या चाकांवर चालणारी व्हॅन याच्या उलट. रिकामी असताना ती बर्फात सर्वांत हतबल: शेपूट हलकं, ओढणारी चाकं बिनवजनी, सपाट पार्किंगमधूनही निघत नाही. भरली की सुधारते आणि चढावर वजन मागे सरकतं ते तिच्या फायद्याचं. ही व्हॅन रिकामी न्यायची असेल तर वाळूची पोती मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे ठेवा. पोती दोरीने किंवा पट्ट्याने घट्ट बांधा. बांधलेली नसतील तर ब्रेक लागताच ती चालकाच्या पाठीत येतील. रुतलात तर हीच वाळू चाकाखाली टाकता येते, म्हणून पाण्याच्या कॅनपेक्षा मला वाळू बरी वाटते.

इंजिन मागे असलेल्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅन चढायला पटाईत, कारण इंजिनच ओढणाऱ्या चाकांवर. पण पुढचा भाग हलका, त्यामुळे स्टिअरिंग बर्फावर उशिरा ऐकतं. याच कुळातली १९८५ ची सिंक्रो चारही चाकांवर चालायची आणि आजही बर्फाच्या प्रदेशात तिला मागणी आहे. १९९० च्या टी-४ पासून इंजिन पुढे आलं आणि स्वभावही बदलला.

चारही चाकांच्या व्हॅनबद्दल एक इशारा मनापासून द्यावासा वाटतो. साडेतीन टनांची भरलेली व्हॅन चढावर इतकी सहज जाते की रस्ता निसरडा आहे याचा अंदाजच येत नाही. तो येतो पलीकडच्या उतारावर, आणि तेव्हा साडेतीन टन थांबवायचे असतात. फोर बाय फोर व्हॅन घेणाऱ्याने टायरवर सगळ्यात जास्त खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

लांब व्हॅन घसरायला लागते हळू, पण एकदा फिरली की सावरायला जागा आणि वेळ दोन्ही पुरत नाहीत. उंच व्हॅनवर वाऱ्याचा झोत आडवा बसतो. झाडी संपून उघडा माळ किंवा पूल सुरू होतो तिथे आधीच वेग कमी करा. छतावरचा बर्फ काढायला लांब दांड्याचा झाडू आणि छोटी शिडी ठेवा, कारण ब्रेक लागला की तो ढीग पुढच्या काचेवर कोसळतो किंवा मागच्या गाडीवर उडतो.

पायरी ५: चेन आधी घरी बसवून बघा

टायरवर बांधायच्या चेनचं पेटंट हॅरी वीड यांनी १९०४ मध्ये घेतलं आणि आजही खोल बर्फात त्यांना तोड नाही. निळ्या गोल पाटीवर चेन बांधलेला टायर दिसला की पुढे चेन सक्तीच्या आहेत.

१. टायरच्या बाजूवरचं माप वाचून त्याच मापाच्या चेन घ्या. चाक आणि त्यावरचं मडगार्ड यात जागा कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या पातळ कड्यांच्याच घ्या.

२. कोरड्या जागी, हातमोजे घालून, एकदा पूर्ण बसवा आणि काढा. वादळात पहिल्यांदा डबा उघडायची वेळ येऊ देऊ नका.

३. चेन ओढणाऱ्या चाकांवर बसवा. चारही चाकांच्या गाडीत कोणत्या जोडीवर, ते पुस्तिका सांगते. व्हॅनला मागे जोडचाकं असतील तर साध्या चेन बाहेरच्या चाकांवर बसवतात.

४. चढ सुरू होण्याआधी, सपाट आणि सुरक्षित जागी थांबून बांधा. शंभरेक मीटर गेल्यावर उतरून पुन्हा आवळा.

५. वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर नेऊ नका आणि बर्फ संपला की काढा.

पुढच्या चाकांच्या गाडीत चेनही पुढेच असतात, म्हणजे उतारावर मागची चाकं सैलच राहतात. तिथे आणखी संथ जा.

पायरी ६: निघण्यापूर्वी

सगळ्या काचा, दिवे, नंबर प्लेट आणि कॅमेरे साफ करा. काच धुण्याच्या टाकीत न गोठणारं पाणी भरा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे १८ ला जवळजवळ निम्मी क्षमता गमावते, त्यामुळे जुनी असेल तर आधीच बदला. डिझेल गाडी असेल तर थंड प्रदेशात पोचल्यावर तिथलंच हिवाळी डिझेल भरा. उबदार भागात भरलेलं डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. फावडं, वाळू, दोरी, टॉर्च, ब्लँकेट, पाणी आणि खाणं सोबत हवं. रात्री गाडी उभी करताना सपाट जागा बघून गिअरमध्ये ठेवा. केबलचा हँडब्रेक ओलाव्याने गोठून अडकू शकतो.

पायरी ७: चालवताना

पहिल्या काही मिनिटांत, मागे कुणी नसताना, ताशी २० च्या वेगात एकदा जोरात ब्रेक दाबून बघा. रस्ता आज किती पकड देतोय ते लगेच कळतं. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) थरथराट पायाला जाणवला तरी पाय काढू नका.

निघताना दुसरा गिअर आणि हळू क्लच, ऑटोमॅटिकमध्ये स्नो मोड. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कित्येक पट अंतर ठेवा. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. चढाच्या आधी पुढची गाडी वर पोचेपर्यंत खाली थांबा, मग एकाच वेगात, न थांबता, गिअर न बदलता चढा. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग उतरवा. ब्रेक, वळण आणि ॲक्सिलरेटर ही तीन कामं वेगवेगळी करा. टायरकडे जेमतेम एकाच कामापुरती पकड असते.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घाला. खाली जाताना अचानक गिअर उतरवला तर ओढणारी चाकं क्षणभर अडकतात: पुढच्या चाकांच्या गाडीत स्टिअरिंग जातं, मागच्या चाकांच्या गाडीत शेपूट सुटतं. म्हणून क्लच हळू सोडा. चारही चाकांच्या गाडीत हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर गाडी आपोआप संथ ठेवणारी सोय) असेल तर जरूर वापरा, पण पकड टायर देईल तेवढीच मिळणार.

गाडी वळणात सरळ निघाली, तर ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग किंचित सरळ करून पुढची चाकं धरेपर्यंत थांबा. जास्त वळवल्याने काहीच होत नाही. शेपूट सुटलं तर ॲक्सिलरेटर सोडा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग न्या. गाडी सावरू लागली की लगेच सरळ करा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला फेकली जाते. लांब व्हॅनमध्ये हा दुसरा झोकाच जास्त घातक असतो.

पायरी ८: रुतलात तर

चाक जागीच फिरवत राहू नका. खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा गुळगुळीत होतो. स्टिअरिंग सरळ करा, ओढणाऱ्या चाकांपुढचा आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ फावड्याने काढा, वाळू टाका. ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरू लागताच ताकद कापतं, म्हणून अशा वेळी ते बंद करा आणि पुढे-मागे हलके झोके देत गाडी बाहेर काढा. बाहेर आल्यावर ते पुन्हा चालू करा.

सुटका होत नसेल आणि मदतीची वाट बघायची असेल, तर सर्वांत आधी सायलेन्सरच्या तोंडाजवळचा बर्फ काढा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. कॅम्पर व्हॅनमध्ये डिझेल हीटरचा धूर गाडीच्या पोटाखालून बाहेर पडतो, तिथेही तितकंच बघा. इंजिन सलग चालू ठेवू नका, तासाला दहा मिनिटं पुरे, आणि वारा येत नसलेल्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. बर्फ पडत असेल तर दर वेळी इंजिन चालू करण्यापूर्वी उतरून सायलेन्सर पुन्हा मोकळा करा. जवळपास वस्ती दिसत नसेल तर गाडी सोडून पायी निघू नका. ॲंटेनाला किंवा आरशाला भडक रंगाचं कापड बांधा, म्हणजे बर्फ हटवणाऱ्या यंत्राच्या चालकाला गाडी लांबून दिसेल.